खाचेच्या पान्याची जागा

मित्रांनो, मी एक जुना खाचेचा पाना आहे. नाव ऐकून तुम्ही मला ओळखाल असं वाटत नाही. बोटी दुरुस्त करणारे पुष्कळ लोकही मला ओळखत नाहीत, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

काही बोटींचं इंजिन आत असतं आणि पंखा फिरवणारा पाय मागच्या फळीबाहेर, पाण्यात. बोट पुढे न्यायची, मागे घ्यायची, की पंखा थांबवायचा, हा चालकाचा हुकूम एक केबल त्या पायापर्यंत पोचवते. ती फळीतून बाहेर पडते तिथे अगदी अडचणीत एक नट असतो. साधा पाना तिथे शिरत नाही. म्हणून मी नळीसारखा आहे, आणि केबल आत घेता यावी म्हणून मला वरपासून खालपर्यंत खाच आहे.

पंपाच्या जुन्या पाइपातून एका लेथवाल्याने मला कापलं. "काय हे ध्यान!" तो हसून म्हणाला. पण बोटी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने मला तेल लावून दुकानातल्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं, आणि माझ्याभोवती रंगाने माझाच आकार काढला. ती माझी जागा. मी खिळ्यावर नसलो की भिंतीवरचा रिकामा आकार लगेच डोळ्यांत भरे. किती केबली बदलल्या आम्ही! काम झालं की मिस्त्री इंजिनाची किल्ली खिशात घालून पंखा हाताने फिरवून बघे. "पंखा मोकळा फिरला की माझं काम झालं," असं तो म्हणे. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान, म्हणजे दाजी, लोकांना बोटीने पैलतीरी नेत. एकदा त्यांच्या इंजिनाच्या झाकणाचा टेकू मोडला. मिस्त्री दुकानात नव्हता. दाजींनी मला उचललं आणि झाकणाखाली उभं केलं. संध्याकाळी ठेवू परत, असं ते स्वतःशीच म्हणाले. पण बोट हलली, मी घसरलो, आणि इंजिनाखालच्या काळ्या पाण्यात जाऊन पडलो.

थोड्याच दिवसांत दाजींचा गिअर अडकू लागला. मिस्त्री बोटीवर आला.

"केबल गेली, दाजी. बदलायला हवी. पण माझा खाचेचा पाना सापडत नाही. तुम्ही पाहिलात का?"

मी त्यांच्या पायाखालीच होतो. मेहुण्यासमोर चोर ठरायचं त्यांच्या जिवावर आलं असावं.

"मी कशाला पाहतोय तुमचा पाना?"

"मग मी नवा करून आणीपर्यंत बोट काढू नका."

"अहो मेहुणे, अडकला तर इंजिनच बंद करीन! तुम्ही म्हणजे शिंक आली की वैद्य बोलावणारे."

मित्रांनो, मला अंगभर खाच आहे, पण तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी बोट परत आली तेव्हा ताई नेहमीप्रमाणे गुडघाभर पाण्यात उभी होती. दोर झेलायचं काम तिचंच. "अहो, जरा हळू!" ती हसत ओरडली. पंखा थांबवायला दाजींनी गिअरचा दांडा मधे आणला. पंखा थांबला नाही. त्यांनी किल्लीकडे हात नेला, पण तोवर बोट तिच्यावर गेली होती. पुढचं मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. तेच पुरे आहे.

ताई वाचली. पाऊल गेलं.

बोट ओढून आणली तेव्हा मिस्त्रीने इंजिनाखाली हात घातला आणि मी त्याच्या हाताला लागलो. मग माझ्यावरचा गंज घासून त्याने माझ्याच मदतीने केबल बदलली. पंखा हाताने फिरवून पाहिला. मोकळा फिरला. मग त्याने मला पुसून परत खिळ्याला अडकवलं.

पुढे एकदा ताई कुबडी घेऊन दुकानात आली. दाजी दाराशीच थांबले. तिने मला खिळ्यावरून काढलं.

"हाच का रे, तेव्हा सापडत नव्हता तो?"

"हाच."

"कुठे होता मग?"

मिस्त्री फडक्याने हात पुसू लागला.

"माझ्याकडे होता," दाजी दारातून म्हणाले. "बोटीत. मला माहीत होतं."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. तिने मला त्यांच्यापुढे धरलं.

"जागेवर ठेवा."

दाजींनी मला दोन्ही हातांनी घेतलं आणि खिळ्याला अडकवलं.

मित्रांनो, मी आता इथेच असतो. भिंतीवर माझा आकार आहे, आणि त्या आकारात मी आहे. कुणाची वस्तू घेतलीत तर परत ठेवा. हरवली तर हरवली म्हणा. त्याने मान खाली जाते, पण थोडा वेळच. दुकानापुढून जाणाऱ्या ताईच्या कुबडीचा आवाज मात्र मला रोज ऐकू येतो.