बसलेल्या आठजणी

भाऊसोंनी तिपाईला हळदकुंकू लावलं, वरच्या मोबाईलला झेंडूचा हार घातला आणि मैदानाच्या कडेला नारळ फोडला. पाणी नेमकं प्रांजलच्या पांढऱ्या बुटांवर उडालं. प्रांजल म्हणजे पुण्याहून ॲप घेऊन आलेला तरुण. त्याने बुटांकडे पाहिलं, कसनुसा हसला आणि भिंगापुढे लोंबणारं फूल अदबीने बाजूला सारलं.

"मंडळी," संघटनेचे सचिव या नात्याने भाऊसोंनी आवाज लावला, "गेल्या वर्षी संघ निवडला, तवा कुणी म्हणालं भाची घेतली, कुणी म्हणालं मेव्हणी घेतली. आता बोला! ह्या यंत्राला ना भाची, ना मेव्हणी. ॲप जी यादी देईल ती फायनल. मी सुद्धा तिला हात लावणार न्हाई."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात वाजवल्या त्या नाथाजी सुभेदारांनी. भाचीबद्दल गेल्या वर्षी बोंब मारणारे तेच होते. फौजेतून निवृत्त होऊन पलूसला आल्यापासून ते मुलींना खो-खो शिकवत होते, आणि दरवर्षी विभागाच्या निवडीला साताऱ्याला येऊन भांडून परत जात होते. यंदा भांडायचं कारणच उरलं नाही, या विचाराने त्यांना थोडं चुकल्यासारखं झालं होतं.

त्यांची सगळी भिस्त उत्कर्षावर होती. या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. राज्य स्पर्धेला गेली, तर सांगलीच्या कॉलेजात खेळाच्या कोट्यातून जागा मिळणार होती. नाही गेली, तर घरच्यांनी स्थळ बघून ठेवलं होतं. स्थळ चांगलं होतं, मुलाचा जेसीबी होता. पण उत्कर्षाला जेसीबी नको होता.

पोरगी खेळायची कशी, तर जवळजवळ न खेळल्यासारखी. बाकीच्या मुली जीव खाऊन पळायच्या. ही बसलेल्या मुलींच्या रांगेजवळ बसची वाट बघत असल्यासारखी उभी राहायची. पाठलाग करणारी झेपावली की ही अर्धं पाऊल मागे. आणि एकदा पुढे निघालेल्या आक्रमक मुलीला खो-खोत उलटं फिरता येत नाही, रांग ओलांडून पलीकडे जाता येत नाही. ती बिचारी तशीच पुढे निघून जायची. हे अर्धं पाऊल शिकवायला नाथाजींना वर्षं लागली होती.

सकाळभर चाचणी झाली. उत्कर्षा एकदाही बाद झाली नाही. दुपारी मांडवात प्रांजलने टॅब उघडला.

"डेटा फार इंटरेस्टिंग आहे सर. आक्रमण करताना नऊपैकी आठ खेळाडू बसूनच आहेत."

"व्हय," नाथाजी म्हणाले. "खो-खो हाय."

"हो, पण ॲप त्यांना निष्क्रिय दाखवतंय. त्यांचा काही उपयोग करून घेता आला तर?"

"कशासाठी?"

"पळण्यासाठी."

नाथाजींनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "पोरा, तू कवा खो-खो खेळलायस का रं?"

"नाही सर. पण आमच्या ॲपने फुटबॉलचे हजारो सामने पाहिलेत."

"मग त्याला इचार, गोलकीपर का पळत न्हाई."

"गोलकीपरसाठी वेगळी सेटिंग आहे," प्रांजल नम्रपणे म्हणाला.

पोरगा वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट माणसावर नाथाजींना ओरडता यायचं.

भाऊसो ॲपची छापील यादी वाचू लागले आणि पहिल्याच नावाला अडखळले. नावच नव्हतं. फोटो होता. "ही कोण? सगळ्यात जास्त अंतर, दमसास उत्तम, शेवटपर्यंत एकदाही बाद न्हाई..."

सगळ्यांनी माना पुढे केल्या. फोटोत पांढऱ्या पोशाखातल्या, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या धोंडुबाई होत्या. दिवसभर मैदानाच्या कडेने धावणाऱ्या पंच. त्या पलीकडेच चहा पीत बसल्या होत्या.

"आवं, मला नका घेऊ," धोंडुबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेचं बाळंतपण हाय."

भाऊसोंनी खिशातलं पेन काढून छापील यादीतली पहिली ओळ खोडली.

"थांबा," नाथाजी उठले. "हात लावणार न्हाई म्हणाला होता."

"आवं सुभेदार, ही उघड चूक हाय."

"उघड कुणाला? यंत्राला दिसली का? तुमाला दिसली! मग तुमच्या डोळ्यांनी आणखी जरा खाली बघा. माझी उत्कर्षा कुठं हाय?"

उत्कर्षा शेवटून पहिली होती. नावापुढे लाल अक्षरात लिहिलं होतं: सहभाग अपुरा. विश्रांतीची शिफारस.

नाथाजींची कानशिलं तापली. "पोरगी एकदा तरी बाद झाली का? तिच्या मागं लागून साताऱ्याच्या पोरी धापा टाकत बसल्या. आणि दमल्या त्या हुशार, दमवलं ती आळशी? गड्या, उद्या ह्या यंत्राला चोर-पोलीस दाखवला तर चोराला पदक देईल, पोलिसापेक्षा जास्त पळाला म्हणून!"

मांडव हसला. भाऊसो हसले नाहीत. ते नाथाजींना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सुभेदार, मला सगळं कळतंय. पण तिला हातानं घेतली, की उद्या दुसरा म्हणणार, माझी पण घ्या. भाचीचं परत निघणार. त्यापेक्षा एक करू. पोरीला आणखी एक डाव देऊ. तिला म्हणावं, जरा पळ. बस्स."

"पळ?"

"जरा."

उत्कर्षा मैदानाच्या कडेला बुटाच्या नाड्या बांधत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मान वर न करता तिने विचारलं, "सर, पळू का खेळू?"

नाथाजींना 'खेळ' म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता. मग त्यांना तो जेसीबी दिसला, पिवळाधमक, अंगणात उभा केलेला.

"पळ," ते म्हणाले आणि तिकडे पाठ करून उभे राहिले.

उत्कर्षा पळाली. या खांबापासून त्या खांबापर्यंत, गरज नसताना, मागे कुणी नसताना, बैल उधळावा तशी पळाली. वाटेत अक्षता नावाच्या साताऱ्याच्या पोरीने सहज हात लांब केला आणि ती बाद झाली. बाद झाल्यावरही मैदानाला दोन फेऱ्या मारून मगच बाहेर आली. टॅबवर तिचं नाव टणाटण उड्या मारत वर गेलं आणि हिरवं झालं.

"बघा!" भाऊसो खूश झाले. "सुधारणा हाय!"

नाथाजींना आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताखालची एकही मुलगी असं गाढवासारखं खेळली नव्हती, आणि आज खेळली ती त्यांच्याच हुकमावरून.

अक्षता उत्कर्षाजवळ आली. तिला बाद केल्याचा आनंद तिच्या तोंडावर नव्हता. "ताई, मुद्दाम हात लावू दिलास ना?"

उत्कर्षाने तिच्याकडे पाहिलं, मग नाथाजींकडे, आणि तडक भाऊसोंसमोर जाऊन उभी राहिली. घाम निथळत होता.

"माझं नाव काढा, काका."

"काय?"

"असं पळून मिळालेलं नाव मला नको. काढा."

भाऊसो गडबडले. "काढता येत न्हाई बाळ. यादी ॲपची हाय. मी हात लावणार न्हाई, सगळ्यांदेखत बोललोय."

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. धोंडुबाईंनी चहाचा कप तोंडासमोर धरला.

"काढता येत न्हाई ना? मग राहू द्या," उत्कर्षा म्हणाली. "पण निवडलंय तर मला खेळताना बघा तरी. सकाळपास्नं तुमी त्या पाटीत बघताय. माझ्याकडं कुणी बघितलंच न्हाई."

तिने तिपाई हाराबिरासकट उचलली आणि मैदानाच्या भिंतीकडे तोंड करून ठेवली. प्रांजल अडवायला उठला. नाथाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवला. हात फौजेतला होता. प्रांजल बसला.

"ये गं अक्षता," उत्कर्षाने हाक मारली. "आता धर मला."

साताऱ्याच्या आठजणी रांगेत जाऊन बसल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. अक्षता खांबाजवळ उभी राहिली. धोंडुबाईंनी रुमालाने तोंड पुसून शिट्टी वाजवली.

अक्षता वाऱ्यासारखी आली. उत्कर्षा उभी होती. शेवटच्या क्षणी अर्धं पाऊल मागे गेली, आणि अक्षता तिच्या बाहीजवळून हात फिरवत सरळ पुढे निघून गेली. खो मिळाला, दुसरी उठली, तीही गेली. तिसरी गेली.

भाऊसोंचा हात सवयीने टॅबकडे गेला. टॅबवर भिंत दिसत होती. त्यांनी तो उपडा ठेवला, चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढून मैदानाकडे बघू लागले.

"आयला," थोड्या वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "ही तर हलतच न्हाई."

 नाथाजींना अजून राग आला होता, आणि तो कुणाकुणावर काढायचा याची त्यांनी मनातल्या मनात यादी सुरू केली होती. पहिलं नाव त्यांचंच होतं.