श्वास धरून दिलेलं माप

बसवकल्याणच्या बाजारात नागराजचं शिलाईचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढलं, की त्यानं तोंड उघडायच्या आत त्याचा स्वभाव आपल्याला कळतो, असं तो म्हणायचा. आणि खरं सांगायचं तर तो फार क्वचित चुकायचा. जुना शर्ट पुढ्यात टाकून ‘हुबेहूब असाच शीव’ म्हणणारा माणूस जन्मात आपलं मत बदलायचा नाही. ‘तुझ्या मनानं शीव, मला काय कळतंय त्यातलं’ म्हणणारा सगळ्यांत बेरकी. शिवून झाल्यावर पहिलं भांडण तोच काढणार. कापड उलटून मागची बाजू बघणाऱ्याशी मात्र नागराज अदबीनं बोलायचा.

आणि एक तऱ्हा होती माप देताना श्वास धरणाऱ्यांची. टेप पोटाला टेकला रे टेकला, की पोट आत, छाती बाहेर, नजर छताकडे. अशा माणसाला शिंप्यानं काही बोलायचं नसतं. तो देईल ते माप वहीत लिहायचं आणि कापताना गुपचूप तीन बोटं कापड वाढवायचं. घरी जाऊन तो श्वास सोडतो, शर्ट अंगाला बरोबर बसतो, आणि तो चारचौघांत सांगतो, बघा, कॉलेजातलं माप अजून आहे माझं. सोलापुरात नागराजनं नऊ वर्षं एका उस्तादाच्या हाताखाली काढली, त्यातली ही अगदी पहिल्या महिन्यातली शिकवण.

दोन हजार पाच सालच्या चैत्रात अण्णाराव दुकानाची पायरी चढला, तो याच तऱ्हेचा निघाला. कोहिनूर गावाच्या पलीकडच्या वाडीतला हा मोठा शेतकरी. सगळी वाडी त्याला मालक म्हणायची. आपण इथं अण्णारावच म्हणू, तेवढं पुष्कळ झालं.

अण्णाराव उन्हाळ्यातसुद्धा खळ घातलेल्या कपड्यांत फिरायचा. खिशाला दोन पेनं. लिहायचा त्यातल्या एकानंही नाही. मनगटावर सोनेरी घड्याळ, गळ्यात लोकांना दिसेल एवढंच उघडं टाकलेलं लॉकेट. त्या वर्षी बाजारात रेडीमेड कपड्यांचं काचेचं दुकान झालं होतं. पोराच्या लग्नासाठी तो आधी तिथंच गेला. पण काउंटरवरच्या मुलीनं त्याच्या पोटाकडे बघून ‘सगळ्यात मोठा साइज काढा’ अशी आतल्या माणसाला हाक मारली, आणि स्वारी तडक बाहेर पडली.

“नागराज टेलर तूच व्हय? सफारी शिवायची हाय. व्याही कडगंचीचे हायत, लई तालेवार. पाह्यलं की बघतच ऱ्हायले पाह्यजेत.”

“शिवू की, मालक,” नागराज म्हणाला आणि त्यानं टेप गळ्यातून काढला. त्यानं अण्णारावला तत्क्षणी ओळखलं होतं. अण्णारावनं त्याला ओळखायचं कारणच नव्हतं; शिंप्याच्या बापाचं नाव विचारायची सवय असल्या माणसांना नसते.

नागराजचा बाप मायाप्पा त्याच वाडीतला धनगर. अंगात बंडी, डोक्याला रुमाल, खांद्यावर घोंगडी, हेच त्याचं बारमाही. नागराज सतरा वर्षांचा असताना सोलापुरात त्यानं स्वतःच्या हातानं पहिला आख्खा शर्ट शिवला, तो बापासाठी. मोतिया रंगाचं टेरीकॉट, कडक कॉलर, सहा बटणं. ब्याण्णव सालची गोष्ट. मायाप्पानं तो अंगात घातला आणि दिवसभर खाली बसलाच नाही. सुरकुती पडेल म्हणून. लाजत, हसत तो पोराला घेऊन मारुतीच्या पारापर्यंत गेला. आपल्या लेकाच्या हातची कला लोकांनी बघावी, एवढीच त्याची हौस.

पारावर अण्णाराव बसला होता. शेजारी त्याची मोटरसायकल उन्हात तापत उभी.

“मायाप्पा, इस्त्रीचं कापड घालून मेंढरं वळायलास व्हय आताशी?” तो म्हणाला. लोक हसले. “मग आमी काय घालावं? काढ.”

मायाप्पाला आधी ती थट्टाच वाटली. अण्णारावनं पुन्हा म्हटलं, “काढ म्हणलो न्हवं?” मग मायाप्पानं एकेक बटण स्वतःच्या हातानं काढलं. अण्णारावनं तो शर्ट घेतला, चार घड्या करून तापलेल्या सीटवर टाकला, वर बसला आणि गाडीला किक मारून निघून गेला. भर उन्हात मायाप्पा उघड्या अंगानं घरी आला. पोराकडे त्यानं पाहिलं नाही. पुढं सात वर्षं जगला, पण शिवलेलं कापड अंगाला लावून घेतलं नाही, बंडीसुद्धा नाही. घोंगडीतच गेला.

नागराजला एकच गोष्ट हवी होती. अण्णारावनं आपल्या हातानं, एकेक बटण काढून, अंगातला कपडा उतरवावा. कुणी त्याला हात लावू नये, कुणी ओढू नये. त्यानं स्वतः काढावा. तेरा वर्षं हे त्याच्या मनात काट्यासारखं सलत होतं, आणि आता काटा काढायची वेळ स्वतःच्या पायानं चालत आली होती.

टेप पोटाला लागला. अण्णारावनं श्वास धरला.

“मालक, जरा सैल सोडू का? उनाचे दिवस हायत.”

“मी म्हातारा दिसायलोय व्हय तुला?”

“तसं न्हाई. जेवण-खाण होतंय लग्नात, म्हणून म्हणलो. दोन बोटं तरी?”

“माप घे गपचिप.”

नागराजनं तिसऱ्यांदाही विचारलं, अगदी हात जोडून. अण्णाराव चिडला. मग नागराजनं वहीत आकडा लिहिला आणि त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. तीन वेळा विचारलं होतं. त्याचं मन आता साफ होतं.

कापड बदामी रंगाचं, उंची. नागराजनं दिल्या मापाला एक सूतही न वाढवता कापलं. कडेला आत जे जादा कापड ठेवतात, पुढं अंग सुटलं तर उसवून मोकळं करता यावं म्हणून, तेही ठेवलं नाही. शिवण तिहेरी घातली. बटणं मेणाच्या दोऱ्यानं अशी आवळली, की बैल जुंपला तरी निघणार नाहीत. फाटून त्या माणसाची सुटका झाली, तर मग उपयोग काय? पँट मात्र त्यानं व्यवस्थित शिवली; तिच्याशी त्याचं वैर नव्हतं.

काजं करता करता त्याच्या बायकोच्या, मनीषाच्या ध्यानात आलं.

“अवो, ह्येच्यात आत कापडच न्हाई. कामून असं शिवायलाव?”

“गिऱ्हाइकानं दिलं तेच माप हाय.”

“दुकानाचं नाव जाईल.”

“जाऊ दे,” नागराज म्हणाला. आजवर त्याच्या तोंडून हा शब्द तिनं ऐकला नव्हता. उरलेल्या कापडाच्या दोन पट्ट्या तिनं नीट गुंडाळून त्याच्या हातात दिल्या. “ऱ्हाऊ द्या जवळ. घातल्या तर धा मिनटात बसतेत.” त्यानं त्या पिशवीत टाकल्या. फेकून का दिल्या नाहीत, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

घालून बघायला आला तेव्हाही अण्णाराव आरशासमोर श्वास धरूनच उभा राहिला. डावीकडे वळला, उजवीकडे वळला. “झकास!” एवढंच कसंबसं म्हणाला, कारण जास्त बोलायला आत हवा नव्हती. वर पुन्हा हुकूम सोडला, “वऱ्हाडाला फेटे बांधायला तूच चल.” नागराजला हे मागूनही मिळालं नसतं.

लग्नाच्या दिवशी वाडीहून आळंदच्या रस्त्यानं कडगंचीपर्यंत वऱ्हाडाच्या जीपा निघाल्या. बदामी सफारीत अण्णाराव ड्रायव्हरशेजारी खांबासारखा ताठ बसला होता. मागच्या बाकावरून नागराज त्याची मान बघत होता. पहिल्या तासाला मान लाल झाली. दुसऱ्या तासाला घाम कानामागून ओघळायला लागला. वाटेत सगळ्यांनी उसाचा रस घेतला, अण्णाराव म्हणाला, “मला नगं.” पाणी आणलं, तेही नको. कुणी म्हणालं, मालक, वरची दोन बटणं सोडा, उकडायलंय. त्यावर त्यानं असं बघितलं, की विचारणारा दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसला. नागराजला फार, फार बरं वाटत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. खड्डा आला आणि पुढून ‘हं’ असा आवाज आला, की त्याच्या छातीत गारवा पसरायचा.

कडगंचीला वऱ्हाड उतरवायचा जानोसा शाळेच्या एका खोलीत होता. बायकांची जीप कपड्यांच्या बॅगा घेऊन परस्पर मांडवाकडे गेली. पुरुष मंडळी झाडाखाली बसली आणि नागराज फेटे बांधायला लागला. थोड्याच वेळात व्याही श्रीमंतराव बँड घेऊन सामोरे येणार होते. दोन्ही व्याह्यांनी गळामिठी घालायची आणि एकमेकांना जमिनीपासून उचलायचं, असा तिकडचा रिवाज. कोण कुणाला उंच उचलतो, यावर पुढं वर्षभर बोललं जातं.

“नागराज, आत ये,” खोलीतून घोगरा आवाज आला. “दार लाव.”

आत अण्णाराव भिंतीला धरून उभा होता. ओठ काळेनिळे पडले होते.

“जीव चाललाय रे. बसता यीना, वाकता यीना. आता त्येला उचलू कसा? कायतरी कर.”

“उसवावं लागंल. काढा.”

“माझी बोटं चालंनात. तूच काढ.”

“मी हात लावणार न्हाई, मालक,” नागराज म्हणाला. “तुमीच काढा.”

अण्णारावनं त्याच्याकडे पाहिलं. पण वाद घालायला त्याच्यापाशी श्वास नव्हता. घामानं बटणं निसटत होती. पहिलं निघालं. दुसऱ्याला वेळ लागला. नागराज मोजत नव्हता, नुसता बघत होता. शेवटचं बटण निघालं तसं आतलं सगळं पोट एकदम बाहेर आलं आणि अण्णारावनं असा उसासा टाकला, जसा बुडालेला माणूस वर आल्यावर टाकतो.

आतल्या बनियनला भोकं होती. बगलेत फाटलेला, गळ्याशी पिवळा पडलेला, पोटावर एका ठिकाणी गाठ मारलेला. वर खळ, सोनं, दोन पेनं, आणि आत हे! जे कुणी बघणार नाही, त्यावर अण्णारावनं कधी काही खर्चच केलं नव्हतं. नागराजनं इतकी वर्षं माणसांची मापं घेतली, पण एवढं नेमकं माप त्याला कुणाचं मिळालं नव्हतं.

झालं. हवं होतं ते झालं. त्याला हलकं वाटलं, इतकं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. कीवसुद्धा आली थोडी. त्यानं खाली बसून कात्रीनं दोन्ही कडा उसवल्या, पिशवीतून त्या पट्ट्या काढल्या आणि सुईत दोरा ओवला. धा मिनटात बसतेत, मनीषा म्हणाली होती. लांबून बँडचा आवाज यायला लागला.

एक टाका घातला आणि त्याला राहवलं नाही.

“मालक, तुमच्या वाडीत मायाप्पा धनगर होता. पाराम्होरं त्येच्या अंगातला शर्ट तुमी काढाय लावला, आन गाडीवर टाकून बसलाव. ध्यानात हाय का?”

अण्णारावनं खरोखर आठवून पाहिलं. त्यात आव नव्हता, मग्रुरीही नव्हती. डोळे बारीक करून त्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

“मायाप्पा?” तो म्हणाला. “आसंल बाबा. आसे लई जण होते त्या वक्ताला. कुणाचा शर्ट, कुणाच्या पायातल्या वहाणा. एकेकाचं कुठं ध्यानात ऱ्हातंय? तू शीव लवकर, बँड आलाय.”

नागराजचा हात थांबला. बापाची सात वर्षं त्याच्या डोळ्यांपुढं आली. पण एकट्या बापाचीच नाही. वाडीतली कितीतरी माणसं, ज्यांनी आपापल्या हातानं बटणं काढली असतील आणि घरी जाऊन पोरांकडे पाहिलं नसेल. त्याचा राग फिटला होता, असं त्याला वाटलं होतं. तो आता पहिल्याहून मोठा झाला.

त्यानं घातलेला एकुलता एक टाका ओढून काढला. सुई गळपट्टीत खोचली. सफारीचा शर्ट, दोन्ही पट्ट्या, कात्री, सगळं पिशवीत भरलं आणि तो उठला.

“अरं, कुठं निघालास? शर्ट दे! पाव्हणे दारात आलेत!”

“मायाप्पाचा ल्योक मी,” नागराज म्हणाला.

अण्णारावच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटत गेलं. त्यानं पिशवीकडे हात केला, पण नागराज दारापाशी पोचला होता. बाहेर बँड अगदी दाराशी येऊन थांबला. जरीच्या फेट्यातले श्रीमंतराव, त्यांची भावकी, हार घेतलेली माणसं, सगळे पायरीवर उभे. आत अण्णाराव सवयीनं श्वास धरून, पोट ओढून, फाटक्या बनियनात.

नागराजनं दाराच्या दोन्ही फळ्या पार भिंतीपर्यंत उघडल्या.

“या, पाव्हणे,” तो म्हणाला. “मालक तयार हायत.”

आणि पिशवी खांद्याला लावून तो गर्दीतून वाट काढत आळंदच्या मोटारीकडे निघाला.