उज्ज्वलाचे लाडू

पुष्पाबाईला कुणी सांगितले होते नसते उद्योग करायला? पोरगी पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळते, घरी येऊन लाकडासारखी पडते, हे आईला बघवेना. म्हणून बाईने बाजारातून जडीबुटीच्या अर्काची भुकटी आणली. डबीवर पळणारा घोडा. दम वाढतो, थकवा जातो, असे विकणारा म्हणाला. उज्ज्वला असले काही घेणार नाही, म्हणून गुपचूप मेथीच्या लाडवांत मिसळली. पंधरा दिवस रोज दोन लाडू पोरीच्या हातावर ठेवले.

आज सकाळी शेजारची ज्योती रडत दारात आली. तिचा नवरा गजेंद्र व्यायाम करताना कोसळला होता. तोही हीच भुकटी घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, यात नुसती मुळे नाहीत, कसले तरी औषध कालवलेय. काळीज पळत सुटते आणि एकदम बंद पडते.

पुष्पाबाईच्या पाचावर धारण बसली. आज उज्ज्वलाची सोळाशे मीटरची परीक्षा, आणि फोन पोरीने घरीच ठेवलेला. बाई तशीच रिक्षात बसली. कोसाडच्या घरापासून मैदानापर्यंत एकच घोकत होती, माय सप्तशृंगी, पोरीला पळू देऊ नको. पोचली तेव्हा शेवटची फेरी चालली होती. उज्ज्वलाचे तोंड लालबुंद झालेले. आता पडते, मग पडते, असे बघत बाई कुंपणाची जाळी धरून उभी राहिली.

पोरगी पडली नाही. वेळेत आली, पाणी प्यायली आणि हसत बाहेर आली.

पुष्पाबाईने तिला घट्ट धरले आणि रडत सगळे सांगून टाकले. भुकटी, लाडू, गजेंद्र. "मार मला, पण आधी दवाखान्यात चल."

"अगं, मी कुठे खाल्ले ते? पळण्याआधी जड होतात."

बाईचा जीव भांड्यात पडला. तिला हसूच आले. "मग टाकलेस होय गं?"

"अन्न कशाला टाकू? तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. रोज पप्पांच्या डब्यात घालत होते. त्यांनाच जास्त गरज."

पुष्पाबाईचे हसू तिथेच विरले. तिचा नवरा सुकदेव उधन्याच्या कापड कारखान्यात मागावर होता. आठवडाभर एका पाळीला लागून दुसरी पाळी ओढत होता. घरी आला तरी झोपायचा नाही, हात थरथरायचे. आणि ही मेली बायको त्याचे कौतुक करत होती, या वयात काय ताकद!

तिने फोन लावला. मागांच्या खडखडाटातून गावाकडच्या बोलीत सुकदेवचा खुशीतला आवाज आला.

"अहो, काम सोडा. खाली बसा. लाडू खाऊ नका."

"काय? ऐकू नही ई ऱ्हायनं. लाडू? आतेच खाधा दोन्ही. रातपाळी व्हयनी, आते दिवसपाळी बी मीच करस, सेठले सांगी दिधं. थकवाच नही माले."

"बसा हो," ती म्हणाली. "माझं ऐका, खाली बसा."

पलीकडून काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. मग नुसते माग वाजत राहिले. माणूस मेल्याखेरीज इथले माग थांबत नाहीत, असे सुकदेवच चेष्टेने म्हणायचा. पुष्पाबाई फोन कानाला दाबून त्यांचा खडखडाट ऐकत उभी होती, आणि एकेक माग थांबत गेला.