खऱ्या मापाचं जहाज

नागाबाईला सवत होती, आणि ती लोखंडाची होती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिचा नवरा वीरण्णा विशाखापट्टणमच्या गोदीत जहाजं बांधायला होता. आता आमच्या अहमदपूरकडं समुद्र कुठला! घागरभर पाण्यासाठी बाया एकमेकींच्या झिंज्या उपटतात, तिथं जहाजाचं कौतुक कुणाला? पण वीरण्णा निजामाच्या काळात हैदराबादला इंजिनेरी शिकला, तिथूनच परभारे गोदीत लागला, आणि नागाबाई सतरा वर्षांची, नवी नवरी, सासूच्या हाताखाली गावात राहिली. तो दिवाळीला यायचा, चार दिवस राहून परत जायचा. असंच आयुष्य निघून गेलं.

नोकरी संपवून तो गावी आला तोवर लातूर वेगळा जिल्हा झाला होता आणि विहिरी आटायला लागल्या होत्या. त्यानं दोन लोखंडी पेट्या आणल्या. लोकांना वाटलं, टीव्ही असंल, पंखे असतील. निघाले काय, तर नकाशे आणि मापांच्या वह्या. देशात असली मोठी लोखंडी जहाजं बांधायला नुकती कुठं सुरुवात झालती, तेव्हापासूनच्या प्रत्येक जहाजाचं माप त्यानं हातानं लिहून ठेवलेलं. रोज सकाळी भस्म लावून, इष्टलिंगाची पूजा उरकून तो त्या वह्या उघडून बसायचा. नागाबाई चहा आणून ठेवायची, तो गार व्हायचा.

तिसरं साल कोरडं गेलं, त्या वर्षी गोदीतून बोलावणं आलं. जुन्या जहाजांचे कागद लावायचे होते, नव्या पोरांना ते उमजेनात, तेव्हा वर्षभर येऊन राहा म्हणाले. वीरण्णा त्या दिवसापासून रोज दाढी करायला लागला. जेवताना उगीच हसायचा. नागाबाईनं ते बघितलं. एकदा त्याला जाऊ दिलं तेव्हा वय कोवळं होतं, कळ निघाली. आता पुन्हा रिकाम्या घरात एकटीनं दिवा लावायचा? ते तिच्यानं होणार नव्हतं. पण 'जाऊ नका' म्हणायला जीभ रेटेना. आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

ती वेगळंच बोलली. "एवढं काय हाय वो त्या जहाजात? मला एकदा दावा तर खरं."

त्यानं नकाशा पसरला. तिला नुसत्या रेघा दिसल्या. फोटो दाखवला. "हे तर वीतभर हाय," ती म्हणाली. "ह्याच्यासाठी गेलता व्हय?"

वीरण्णाला ते लागलं. त्यांच्या गोदीत रीत अशी की, जहाज आधी कागदावर काढायचं, मग एका भल्यामोठ्या लाकडी जमिनीवर खडूनं खऱ्या मापाचं, अख्खंच्या अख्खं काढायचं. रेघ नजरेला गोड लागली की मगच लोखंड कापायचं. ती जमीन म्हणजे वीरण्णाचं राज्य. तेवढी मोठी सपाट जागा आता गावात एकच होती, बहात्तरच्या दुष्काळात खांदलेला पाझर तलाव. तोही वाळून खडखडीत झालेला.

तर म्हातारा पोतंभर चुना घेऊन तलावात उतरला. नागाबाई दोरीचं टोक धरून उभी. तो वही बघून खुंट्या रोवायचा, खुंट्यांना बांबूची लांब कांब वाकवून लावायचा, मागं सरून एक डोळा मिटून बघायचा. "जरा आत घे," म्हणायचा. ती घ्यायची. सबंध आयुष्यात दोघांनी मिळून केलेलं पहिलंच काम ते! ऊन मी म्हणत होतं, पण तिला सावलीची आठवण झाली नाही. दिवस मावळायला जहाजाचा घेर पुरा झाला. आतल्या खोल्या उद्या काढू, म्हणून दोघं घरी आली.

सकाळी येऊन बघतात तर काय, अर्धा गाव जहाज खांदून राहिला होता.

झालं होतं असं की, रोजगार हमीच्या कामावर साहेब लोक येऊन फक्की मारून जायचे आणि लोकांनी चुन्याच्या रेघेवर कुदळ घालायची, हीच चाल पडलेली. नवा जिल्हा झाल्यापासून तर कोण कधी येऊन रेघा ओढून जाईल याचा नेमच नव्हता. केरबा मुकादमानं रेघ बघितली आणि माणसं लावली.

"केरबा, अरं काय केलंस हे?" वीरण्णा धापा टाकत पोचला.

"काम काढलंय वरून," केरबा म्हणाला. "ह्या बाजूला टोकदार काहून काढलं तेवढं मला बी कळंना झालंय. पर साहेबाला कोण इचारावं?"

"साहेब न्हाई, मीच काढलंय ते. जहाज हाय."

केरबानं त्याच्याकडं बघितलं, मग खड्ड्याकडं बघितलं. बाया कुदळी टेकून उभ्या राहिल्या. वीरण्णा काठाकाठानं टोकापर्यंत चालत गेला, एक डोळा मिटून वाकला. लोकांनी रेघ सोडली नव्हती. चुन्यावरून इमानदारीनं खांदलेलं. "खांदा," तो हळूच म्हणाला. "तलावातला गाळ तर निघंल. पण रेघ सोडू नका." तलावात तसंही गाळाचं काम निघणारच होतं, तेव्हा केरबानंही मान हलवली.

नागाबाई आत उतरली. एका टोकापासून चालायला लागली, चालतेय चालतेय, दुसरं टोक येईना. मधे थांबून तिनं मागं बघितलं. केवढं होतं ते! एवढ्यासाठी माणूस गेला, तर गेला म्हणायचं. तिचा जुना राग जरा निवाला, आणि खाली होतं ते दुखणं उघडं पडलं.

वीरण्णा जवळ आला. "कसं हाय?"

"झ्याक हाय," ती म्हणाली. मग जमिनीकडं बघत बोलली, "तिथं तुमाला घर मिळालतं. दोन खोल्याचं. दारात जास्वंद व्हती."

त्याचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं?"

"तुमचं गुरुलिंगभावजी तिकडं तुमाला भेटाय गेलते की. आल्या आल्या सांगितलं मला."

"मग इतकी वर्षं बोलली न्हाईस?"

"बोलवणाऱ्यानं बोलवावं. आपणहून कसं जावं?"

"आईला कोण बघणार व्हतं, नागा?"

"सासूबाई जाऊन जमाना झाला. त्याच्यामागून?"

"मला वाटलं, तुझा जीव शेतात हाय."

"इचारलं व्हतं?"

"न्हाई."

"मी पेटी भरून ठिवलती," ती म्हणाली. "दोन लुगडी. दर दिवाळीला काढायची, ऊन द्यायचं, परत ठिवायची. कसरीनं खाल्ली शेवटी."

लोखंडातली केसाएवढी चूक ज्याच्या नजरेतून सुटत नव्हती तो माणूस, त्याला हे कधी दिसलं नव्हतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"नागा, माझ्यासंगं चल."

भोवती कुदळी चालूच होत्या.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

कान शाबूत होते तिचे. पण सतराव्या वर्षापासून जे ऐकायचं राहून गेलं, ते एकदाच ऐकून कसं भागावं?

"माझ्यासंगं चल," तो मोठ्यानं म्हणाला. केरबानं वळून बघितलं. बायांनीही बघितलं. नागाबाई सगळ्यांदेखत, डोळ्याला पदर न लावता रडली, आणि रडतारडताच "हाव" म्हणाली.