दाबलेलं दुखणं

बांधकामावरच्या उंच क्रेनच्या काचेच्या खोलीत मामा सकाळी चढत ते थेट संध्याकाळी उतरत. डबा वर, लघवीची बाटलीही वर. खाली इशारे द्यायला सख्खा जावई होता. तो मामा म्हणे, म्हणून सगळेच मामा म्हणत.

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी वाढवली आणि मामांच्या मांड्या, दंड ठणकू लागले. "अंग दुखलं तर आधी मला सांगा, मनाने कुठलीही गोळी घेऊ नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सांगितलं की तपासणी आली, आणि तपासणीत हातपाय लटपटले की क्रेन गेली. मामांनी अक्कल चालवली. दुकानातून दुखण्यावरच्या गोळ्या आणल्या आणि शेंगदाण्यांसारख्या खाल्ल्या. दुखणं गप्प झालं. आतला बिघाड थोडाच गप्प बसतो! आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर तो कसा लपवला म्हणून खूश व्हायचं, यात मामांचा हात धरणारा कोणी नव्हता.

आज बाटलीत उतरलं ते काळपट, कोऱ्या चहासारखं. मामांनी डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"स्नायू झिजत असणार, मूत्रपिंडांना धोका आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही गोळ्या थांबवा. आत्ताच्या आत्ता रुग्णालयात या. आणि तिथे काही लपवू नका."

मामा उठायला गेले. पाय उठेनात. काचेतून अख्खं शहर दिसत होतं आणि दोन हातांवरची शिडी गाठता येत नव्हती. वॉकीटॉकीवर बोललं की खालचा प्रत्येक माणूस ऐकणार. मामांना भीती वाटत होती, लाज त्याहून जास्त. शेवटी त्यांनी बटण दाबलं.

"जावईबापू, मला उतरवायला माणसं पाठवा. अंगातला जोर गेलाय."

"अहो, आत्ता अचानक?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही. महिनाभर दुखतंय. गोळ्या खाऊन दाबत होतो. परवा सळयांची मोळी झुलली ना, ती वाऱ्याने नाही. माझा हात सुटला होता."

वॉकीटॉकी खरखरली. मामांना वाटलं, आता मुकादम शिव्या घालणार. बोलला तो जावईच, अगदी हळू.

"मामा, त्या मोळीखाली मी उभा होतो."