अप्पांच्या हातचं मटण

यल्लप्पाला मरणाचं भय नव्हतं. जन्म दगड फोडण्यात गेलेला तो वडार, सुरुंग ठासून झाल्यावर शेजारीच बसून विडी ओढणारा. पण घशाच्या कॅन्सरनं अंथरूण धरायला लावलं, तसा त्यानं एकच धोशा लावला. एकदा डुकराचं मटण खाऊ घाला, मग खुशाल न्या.

सोलापूरला नेऊन रेडिएशनचे शेक देऊन झाले होते. आवाज बसला, मानेची कातडी काळवंडली आणि पेजेशिवाय काही खाली उतरेना. डॉक्टरांनी सिद्रामला बाजूला घेऊन सांगितलं, आता पथ्य नको, मागतील ते द्या. सिद्राम हा यल्लप्पाचा एकुलता एक मुलगा, तुळजापुरात मास्तर. अणदूरहून आईबापाला त्यानंच आपल्या घरी आणलं होतं. बाप मागेल ते आणायला तो तयार होता, एवढं एक सोडून.

"अप्पा, वरच्या खोल्यांत देवीला आलेले लोक उतरतात," तो म्हणाला. "वास वर गेला तर काय म्हणतील? तुम्हाला बरं वाटलं की अणदूरला जाऊ, तिथं करू."

"मला आता बरं वाटायचं न्हाय," यल्लप्पा म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

नागूबाईला लेकाचा राग आला, पण तो धड करताही येईना. कारण सिद्रामला या मटणापासून तोडलं ते बापानंच. अणदूरला डुक्कर कापलं, की यल्लप्पा पोराच्या हातात पुस्तक देऊन त्याला खंडोबाच्या देवळाकडं पिटाळायचा. शाळेच्या कपड्यांना वास लागला तर बाकीची पोरं नाकं मुरडतील आणि हा शाळा सोडेल, ही त्याची धास्ती. पोरगं शिकलं, नोकरीला लागलं, आणि बापाचा हा धडाही त्यानं चोख पाठ केला. आता बोल कुणाला लावायचा?

शेवटी नागूबाईनंच मन घट्ट केलं. सून वर्षाराणी लेकरं घेऊन वाशीला माहेरी गेली होती. रविवारी सिद्रामही शाळेच्या कामाला बाहेर पडणार होता. नागूबाईनं अणदूरला दिराला, गोरोबाला, फोन केला. तो सकाळच्या गाडीनं डबा घेऊन आला. भाजून खरवडलेलं, कातडी-चरबीसकट तुकडे केलेलं मटण. भावाच्या पायाशी थोडा वेळ बसला, डोळे पुसले आणि परत गेला.

आता खरी पंचाईत होती. नागूबाईला डुकराचं मटण शिजवता येत नव्हतं. एवढा संसार केलेल्या बाईला मटण येत नाही म्हटलं तर कुणीही हसेल. पण त्यांच्या घरात ते बाईनं शिजवायचंच नसे. अंगणात तीन दगड मांडायचे, पातेलं चढवायचं आणि पळी हातात धरायची ती यल्लप्पानं. नागूबाईनं पाट्यावर मसाला वाटून द्यायचा, भाकरी थापायच्या. पातेल्यात मीठसुद्धा त्याच्याच मुठीतून पडायचं. दुसऱ्याला तो जवळ फिरकू द्यायचा नाही. वर तिच्या मसाल्यात खोड काढायचा. आज जिरं पुढं गेलं, आज खोबरं कच्चं राहिलं. जिभेचा असा पक्का की चिमूटभर कमीजास्त त्याला कळायचं, आणि कौतुकाचा असा कंजूष की जन्मात एकदा 'चांगलं झालंय' म्हणाला नाही.

तिनं खिडक्या लावून घेतल्या, त्याची खाट ओढत स्वयंपाकघराच्या दाराशी आणली आणि गॅसवर पातेलं ठेवलं. "हं, सांगा आता," ती म्हणाली.

तिनं तेलाची बरणी उचलली, तसा यल्लप्पानं खाटेच्या कडेवर हात आपटला. तेल नको. चरबी असताना तेल कशाला? तिनं नुसते तुकडे टाकले. हळूहळू चरबी पाझरली, कातडी तडतडली. त्यानं दोन बोटं हलवली, म्हणजे हलवत राहा. मग हळद, मग ठेचलेला लसूण, मग कांदा. कांदा लाल झाल्यावर वाटलेला मसाला. तिनं घाई केली की तो डोळे वटारायचा. फारसं बोलणं होत नव्हतं, पण दादागिरी सगळी जागच्या जागी होती, आणि तेवढ्यापुरतं नागूबाईला वाटलं, आपण अणदूरच्या अंगणातच आहोत. मग तिनं गरम पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि वळून पाहिलं, तर त्याचा डोळा लागला होता. तिनं उठवलं नाही.

मटण शिजलं, भाकरी झाल्या, आणि दार वाजलं. सिद्राम लवकर परतला होता. उंबऱ्यातच त्याला वास आला.

"काय बोलायचं ते मला बोल," नागूबाई म्हणाली. "पर आधी त्यांना जेवू दे."

सिद्रामनं लावलेल्या खिडक्यांकडं पाहिलं, झोपलेल्या बापाकडं पाहिलं. मग हातपाय धुऊन आला आणि बापाला खांद्याचा आधार देऊन बसवलं.

नागूबाईनं चमच्यानं रस्सा पाजला. यल्लप्पानं तो तोंडात बराच वेळ घोळवला. अर्धा हनुवटीवरून ओघळला, अर्धा कसाबसा उतरला.

"मीठ अगदी बरोबर पडलंय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "लई झकास झालंय, नागू."

नागूबाईला भरून आलं. तिला कळेना, हसावं की रडावं.

"सिदू, तू पण खा," यल्लप्पा म्हणाला. "माज्या म्होरं खा."

सिद्रामनं इतक्या वर्षांनी भाकरीचा तुकडा त्या रश्शात बुडवला. घास तोंडात गेला आणि त्याचा हात थांबला. त्यानं आईकडं पाहिलं. नागूबाईनं पळीतला रस्सा तळहातावर घेऊन चाखला.

अळणी. मिठाचा कण नव्हता. या मटणात तिचा हात मिठासाठी कधी गेलाच नव्हता, तो आजही गेला नाही.

मग तिच्या ध्यानात आलं. पेज बेचव लागते असं तो रोज म्हणायचा, आणि पेज ती, बेचवच असायची असं सगळ्यांना वाटायचं. शेकांनी त्याची जीभ कधीच मारली होती. ज्याच्यासाठी हा माणूस जीव धरून होता, ते त्याच्या तोंडात पडलं आणि त्याला काहीच लागलं नाही. तरी तो झकास म्हणाला, ते तिच्यासाठी. जन्मभर अडवून धरलेलं कौतुक त्यानं आज नुसत्या अंदाजानं केलं होतं.

ती मिठाच्या बरणीकडं वळली, तसं सिद्रामनं तिचं मनगट धरलं.

"कसं झालंय रं?" यल्लप्पानं विचारलं.

"तुमच्याच हातचं लागतंय, अप्पा." सिद्राम खाली मान घालून खात होता. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

बाप टक लावून पोराचं जेवण बघत राहिला. स्वतःचंच पोट भरल्यासारखा निवांत दिसत होता.

"मी गेल्यावर तूच करत जा," तो म्हणाला. "बाकी सोपं हाय. मिठाचं तेवढं आईला इचारून ठेव. तिला जमलंय."

"व्हय, अप्पा," सिद्राम म्हणाला, आणि त्यानं ताट आईपुढं केलं. "आणखी वाढ."