हलणारी अक्षरं

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम सुनेचं, मागच्या खोलीत काचा घासायचं तिच्या नवऱ्याचं. सासूबाई वरच्या मजल्यावर राहायच्या. त्या दुपारी तपासणीच्या खुर्चीत निवृत्त बसड्रायव्हर काका बसले होते.

"खालची ओळ वाचा, काका."

"वाचतो की. पण अक्षरं जागेवर तर राहू देत!"

तिनं भिंग बदललं. "आता?"

"आता जास्तच नाचतायत."

म्हाताऱ्याचा नंबर चांगलाच वाढलाय, असं तिला वाटलं. तेवढ्यात तिच्याही पायाखालची फरशी कुणीतरी हळूच ओढल्यासारखी झाली. कपाटातल्या फ्रेमा किणकिणल्या आणि गप्प झाल्या.

ती मागच्या खोलीत धावली, मागोमाग काकाही. "अरे, भूकंप!"

"कसला भूकंप? मला नाही जाणवला," नवरा म्हणाला.

"तुझं मशीन दिवसभर थरथरतं. तुला काय जाणवणार, कपाळ!"

त्यानं फोन पाहिला. भूकंपाची आगाऊ सूचना देणारं ॲप त्यानंच हौसेनं बायकोच्या, अगदी गिऱ्हाइकांच्याही फोनवर घातलं होतं. ते ढिम्म होतं. "झाला असता तर हे बोंबललं असतं. तू जेवली नाहीयेस अजून, त्यानं गरगरलं असेल."

ती खरंच जेवली नव्हती.

आणि तेव्हाच तिघांचेही फोन एकदम किंचाळले. 'धक्का बसणार आहे. टेबलाखाली जा.' तिघं टेबलाखाली शिरली. काकांनी कण्हत गुडघे दुमडले. "हा मघाचाच, की नवा येतोय?"

काहीच हललं नाही.

"आई वर एकट्या आहेत," ती उठली.

"थांब! जागचं हलू नका, असं लिहिलंय."

"मघाशी हललं तेव्हा तेच ॲप गप्प होतं ना?" ती जिन्याकडे पळाली. नवरा क्षणभर घुटमळला, मग काकांना टेबलाखालीच ठेवून तिच्यामागे धावला.

सासूबाई डोळे मिटून, पलंगाची कड घट्ट धरून बसल्या होत्या.

"आई, घाबरू नका. भूकंप होता, गेला."

"भूकंप?" त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर चक्क हसू आलं. "म्हणजे तुम्हालाही हललं? अगं बाई, मला वाटलं रोजचंच!"

"रोजचंच म्हणजे?"

सासूबाईंनी जीभ चावली. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. बरेच दिवस झाले, उठलं की घर फिरायचं. सांगितलं तर जिना उतरू देणार नाहीत, म्हणून त्या शेजारणीकडच्या चक्करेवरच्या गोळ्या गुपचूप घेत होत्या.

"आई, मला तरी सांगायचंस," नवरा म्हणाला. हातातल्या फोनवर ॲप विचारत होतं, 'तुम्हाला धक्का जाणवला का?' त्यानं बायकोकडे पाहिलं. "काय दाबू?"

तेवढ्यात सासूबाईंनी तिचा हात धरला.

"आत्ता हलतंय का गं?"

तिनं उशाशी ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्याकडे पाहिलं. पाणी स्थिर होतं. पण स्वतःच्या पायांची खात्री तिला देता येईना.

"नाही वाटत, आई."

"मला वाटतंय."

दोघांनी सासूबाईंना दोन्ही बाजूंनी धरलं आणि डॉक्टरांकडे जायला तिघं जिना उतरू लागली. मधल्या पायरीवर, काहीतरी हलल्यासारखं वाटून, तिघंही एकदम थबकली. आधी कोण थांबलं, ते कुणालाच सांगता आलं नाही.